तालुक्याच्या पत्रकाराला पुरस्कार द्यायचाय? आधी त्याची फाइल उघडा

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक काढला, म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन. त्या दिवशी तालुक्या-तालुक्यांत शालींचे गठ्ठे सुटतात. सकाळी पंचायत समितीत, दुपारी एखाद्या महाविद्यालयात, संध्याकाळी कुठल्यातरी मंडळात. एकाच वार्ताहराच्या खांद्यावर दिवसभरात तीन शाली पडतात, पण त्याने नेमके काय लिहिले हे तिन्ही व्यासपीठांवर कोणी सांगत नाही. सांगणार तरी कसे? कोणी वाचलेलेच नसते.

ज्या पत्रकार संघाला, वाचनालयाला किंवा दिवंगत संपादकाच्या कुटुंबाला तालुका-जिल्हा पातळीवर खरोखरचा पुरस्कार सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत. पाच महिने लागतात. ६ जानेवारीचा कार्यक्रम धरला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागा. डिसेंबरात बैठक घेऊन जे पुरस्कार 'ठरतात' ते ओळखीवर ठरतात, कारण तेवढ्या दिवसांत दुसरे काही करणे शक्यच नसते.

पैसा आधी, नाव नंतर

दरवर्षी वर्गणी काढून दिलेला पुरस्कार तिसऱ्या वर्षी थकतो. एकदाच रक्कम उभारा, मुदत ठेवीत टाका आणि व्याजातून पुरस्कार द्या. हिशेब सोपा आहे. ७ टक्के व्याज धरले तर २१ हजारांच्या पुरस्काराला ३ लाखांची ठेव लागते, ११ हजारांच्या पुरस्काराला साधारण १ लाख ६० हजारांची. व्याजदर खाली येतात, म्हणून पुरस्काराची रक्कम नियमावलीत ठोक लिहू नका. 'ठेवीच्या व्याजातून, समितीने ठरवलेली' असे लिहा. समारंभाचा खर्च या व्याजावर टाकायचा नाही. तो वेगळा काढा आणि पुरस्काराच्या रकमेपेक्षा जास्त होऊ देऊ नका. मंडप, फ्लेक्स आणि जेवणावर साठ हजार गेले आणि पत्रकाराच्या हातात पाच हजारांचे पाकीट पडले, की गौरव कोणाचा झाला हे गावाला न सांगताच कळते.

ठेव कुठे ठेवायची यावर बैठकीत वाद होतो. 'आपल्याच पतसंस्थेत एक टक्का जास्त मिळतो' असे कोणीतरी म्हणतेच. ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकेतल्या ठेवीला असते, पतसंस्थेतल्या ठेवीला नसते. शिवाय संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर पैसे कुठे गुंतवायचे याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ ची चौकट आहे. एका टक्क्यासाठी मुद्दल धोक्यात घालू नका. ठेवीची मुदत नोव्हेंबरात संपेल अशी बांधा, म्हणजे व्याज हातात असताना डिसेंबर उजाडतो.

देणगी कोणाकडून घ्यायची नाही हे कोणाकडून घ्यायची यापेक्षा महत्त्वाचे. वाळूचे ठेकेदार, चालू लोकप्रतिनिधी, निवडणुकीचे इच्छुक, नगरपालिकेची कामे घेणारे कंत्राटदार: ज्यांच्याबद्दल त्या पत्रकाराला उद्या लिहावे लागणार आहे, त्यांचे पैसे नकोत. दिवंगत पत्रकाराच्या कुटुंबाने ठेव दिली तर पुरस्काराला त्यांचे नाव जरूर द्या, पण निवड समितीत कुटुंबाला जागा नाही, हे ठेव स्वीकारण्याआधीच कागदावर आणा. नंतर आणायला गेलात तर नाती तुटतात.

किती पुरस्कार

तीन. त्याच्यावर नको. एक तालुका-ग्रामीण वार्ताहराला, एक स्थानिक साप्ताहिक किंवा छोटे दैनिक चालवणाऱ्या संपादकाला आणि एक पडद्यामागच्या माणसाला. या तिसऱ्यात मशीनमन येतो, अक्षरजुळणी करणारा येतो, पहाटे चारला एसटी स्टँडवर पार्सल उतरवून घेणारा एजंट येतो, वर्षानुवर्षे फोटो काढूनही ज्याचे नाव कधी फोटोखाली छापले गेले नाही असा छायाचित्रकार येतो. स्थानिक वृत्तपत्र म्हणजे काय हे लोकांना कळवायचे असेल तर तिसरा पुरस्कारच सगळ्यात जास्त बोलतो. तीनांपैकी एखाद्यासाठी योग्य माणूस सापडला नाही तर त्या वर्षी तो देऊ नका. 'यंदा योग्य प्रस्ताव नाही' असे जाहीर करणाऱ्या पुरस्काराची पत पुढल्या वर्षी वाढते.

अर्ज मागवू नका

'इच्छुकांनी दोन फोटो, कात्रणे आणि प्रवेश शुल्कासह अर्ज करावेत' ही पद्धत बंद करा. ज्याला स्वतःबद्दल लिहिता येते तो अर्ज करतो. ज्याने तीस वर्षे दुसऱ्यांबद्दल लिहिले तो करत नाही. प्रवेश शुल्क घेणारा पुरस्कार हा व्यवसाय आहे. पुरस्काराच्या निमित्ताने विजेत्यालाच जाहिरात पुरवणी गोळा करायला लावणे हा त्याच्याही पुढचा प्रकार.

शिफारशी मागवा, त्याही वाचकांकडून. एक पानाचा फॉर्म पुरेसा: शिफारस कोणाची, त्यांचे कोणते काम तुम्हाला आठवते, साधारण कोणत्या वर्षी, त्यातून पुढे काय झाले, आणि शिफारस करणाऱ्याचे त्यांच्याशी नाते काय. वाचनालय, तलाठी कार्यालयाबाहेरचा फलक, एसटी कँटीन, शाळांच्या शिक्षक खोल्या, पेपर टाकणारी मुले यांच्यामार्फत फॉर्म पोचवा. मुदत १५ सप्टेंबर. तीस-पस्तीस फॉर्म आले तरी भरपूर. एकाच हस्ताक्षरातले किंवा एकाच मजकुराचे वीस फॉर्म आले तर ते एकच शिफारस समजा.

निवड समिती पाच जणांची: तालुक्याबाहेरचा एक निवृत्त संपादक किंवा वृत्तसंपादक, ग्रंथपाल, मराठीचा किंवा पत्रकारितेचा प्राध्यापक, बातमीदारी केलेली एक महिला पत्रकार आणि पत्रकारितेशी संबंध नसलेला पण पेपर रोज वाचणारा एक वाचक. हा पाचवा माणूस फार उपयोगाचा. बाकीचे चौघे 'त्यांचे योगदान मोठे आहे' म्हणत असताना तो विचारतो, 'म्हणजे काय केले?' पत्रकार संघाचा चालू अध्यक्ष समितीत नको. ज्याचा नातेवाईक किंवा ज्याच्या वृत्तपत्रातला सहकारी यादीत आहे त्याने त्या चर्चेपुरते खोलीबाहेर जायचे, आणि तसे इतिवृत्तात लिहायचे.

फाइल: सगळे काम इथेच आहे

ऑक्टोबर महिना यालाच द्या. समितीपुढे पाच-सहा नावे येतील. प्रत्येकाची एक फाइल बनवायची आणि ती पत्रकाराकडून न मागता आपण बनवायची.

पहिली अडचण लगेच येते. ग्रामीण वार्ताहराच्या बातमीवर नाव नसते. 'आमच्या वार्ताहराकडून' किंवा 'वार्ताहर' एवढेच. मग बातमी कोणाची हे ठरवायचे कसे? बातमीच्या सुरुवातीला गावाचे नाव असते ते पाहा, त्या वर्षी त्या गावाचा किंवा तालुक्याचा प्रतिनिधी कोण होता हे जिल्हा कार्यालयातल्या जुन्या उपसंपादकाला विचारा आणि वार्ताहराकडे नेमणूकपत्र, ओळखपत्र किंवा मानधनाच्या पावत्या असतील तर तारखा जुळवा. तिन्ही जुळले तर बातमी त्याची. दोनच जुळले तर मानपत्रात त्या बातमीचा उल्लेख टाळा. दुसऱ्याच्या बातमीचे श्रेय एकदा व्यासपीठावरून दिले गेले, की तो दुसरा माणूस जन्मभर विसरत नाही.

जुने अंक कुठे मिळतात? नगर वाचनालयात आणि जिल्हा ग्रंथालयात बांधणी केलेल्या फायली असतात. वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात असतात, पण जागा बदलताना बहुतेकदा रद्दीत गेलेल्या असतात. ई-पेपरवर जिल्हा आवृत्त्यांची जुनी पाने फार मागे जात नाहीत, शिवाय मुख्य आवृत्तीत तालुक्याची बातमी नसतेच. शोधताना आवृत्ती नेमकी निवडा. पत्रकाराच्या घरची कात्रणे कामाची, पण त्यांतली निम्मी तारखेविना असतात. कात्रणाची पाठ पाहा. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, क्रिकेटचा धावफलक किंवा निधनवार्ता असते. त्यावरून आठवडा सापडतो आणि मग वाचनालयात तो एकच महिना चाळावा लागतो.

साप्ताहिकाच्या संपादकासाठी वेगळी कसोटी. 'गेली पंचवीस वर्षे अविरत' असे प्रत्येकजण म्हणतो. कोणतीही तीन वर्षे चिठ्ठी टाकून निवडा आणि त्या वर्षांचे अंक मोजा. ५२ आठवड्यांत ४५ अंक निघाले असतील तर साप्ताहिक खरे. दिवाळी, छापखान्याचा बिघाड, घरातले आजारपण धरूनही तेवढे निघतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि दिवाळी असे चारच अंक सापडले तर ते साप्ताहिक नसून जाहिरात अंक आहे. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी 'हे साप्ताहिक मुद्रक, प्रकाशक, मालक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक येथे प्रसिद्ध केले' ही बारीक ओळ असते, ती दरवर्षी वाचा. जुन्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकी व इतर तपशिलाचे निवेदन, म्हणजे 'फॉर्म ४', छापावे लागे. मार्चचे अंक काढून पाहिले की मालक कधी बदलला, छपाई कुठून कुठे गेली, संपादक म्हणून नाव कोणाचे होते, हे सगळे अर्ध्या तासात कळते. कित्येकदा कळते की संपादक म्हणून नाव नवऱ्याचे होते आणि अंक काढत होती बायको. मग पुरस्कार कोणाला द्यायचा हा प्रश्न समितीपुढे प्रामाणिकपणे ठेवा.

खेड्यातून सलग वृत्तपत्र चालवणे म्हणजे काय, याचे मोजमाप हवे असेल तर मुकुंदराव पाटलांकडे पाहावे. १९१० साली सुरू झालेले 'दीनमित्र' त्यांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून दशकानुदशके काढले. लेखन, संपादन, छपाई, वर्गणी, टपाल सगळे गावात बसून. ते 'दीनबंधु' हे वृत्तपत्र काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. नेतृत्व हा शब्द वापरताना समितीने हे मनात ठेवावे: व्यासपीठावरची पदे मोजायची नाहीत, त्याच्यामुळे अंक निघत राहिला का, आणि त्याच्या हाताखाली किती जण बातमी लिहायला शिकले, हे मोजायचे.

गुणांची विभागणी १०० पैकी अशी ठेवून पाहा: बातमीचा पाठपुरावा आणि परिणाम ३०, सातत्य २०, अचूकता आणि चूक झाल्यावर खुलासा छापण्याची तयारी २०, नव्यांना घडवणे २०, दबावापुढे ताठ राहणे १०. शेवटच्याला मुद्दाम कमी गुण आहेत. 'निर्भीड' हे विशेषण सिद्ध करणे अवघड आणि त्याची बतावणी करणे सोपे. पाठपुरावा मात्र कागदावर दिसतो: पहिली बातमी, पंधरा दिवसांनी दुसरी, ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांची भेट, काम झाल्याची छोटी बातमी. चौथ्या-पाचव्या बातमीपर्यंत जो टिकतो तो खरा.

जाहिराती, खटले आणि नाजूक प्रश्न

तालुक्याचा वार्ताहर बातमीही पाठवतो आणि जाहिरातही गोळा करतो. मानधन नावापुरते, घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्धी पाने ज्याने कधी आणली नाहीत असा माणूस शोधायला निघालात तर पुरस्कार कोणालाच देता येणार नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: ज्यांच्या जाहिराती आल्या त्यांच्याविरुद्धची बातमी दाबली गेली का? तपासायचा मार्ग आहे. एका विधानसभा आणि एका नगरपालिका निवडणुकीचे शेवटचे पंधरा दिवस निवडा आणि त्या तालुक्याची पाने दोन-तीन वृत्तपत्रांतून शेजारी शेजारी ठेवा. उमेदवाराच्या स्तुतीचा तोच मजकूर, त्याच शब्दांत, त्याच दिवशी दोन ठिकाणी दिसला तर तो पाकिटासोबत आलेला आहे. असा एखादा प्रसंग पानावर कार्यालयाने लादलेला असू शकतो; तीन-चार सापडले तर नाव बाजूला ठेवा.

बदनामीचा खटला चालू असणे ही अपात्रता नाही. पूर्वीचे दंड विधान कलम ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६. स्थानिक पत्रकाराला गप्प करायला हे हत्यार सर्रास उगारतात. ज्या बातमीवरून खटला झाला ती बातमी वाचा, कागदपत्रांचा आधार होता का पाहा. खंडणीची तक्रार असेल तर मात्र प्रथम खबर (एफआयआर) मागवून वाचा, तक्रारदार कोण, तारीख कोणती, त्याआधी त्याच्याविरुद्ध बातमी आली होती का हे पाहा, आणि शंका उरली तर निकाल लागेपर्यंत थांबा. पुरस्कार पुढच्या वर्षीही देता येतो.

प्रत्येक नावासाठी पाच जणांशी बोला: एक वाचक, एक प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचा प्रतिनिधी, एक सरकारी कर्मचारी, त्याच्या हाताखाली शिकलेला एक जण आणि एक असा माणूस ज्याच्याविरुद्ध त्याने लिहिले. पाचवा चिडलेला असेल. 'लिहिले ते खोटे नव्हते' एवढे त्याच्या तोंडून निघाले तरी बाकी चौघांचे कौतुक त्यापुढे फिके.

होकार घ्या

निवड झाली की जाहीर करण्याआधी स्वतः जाऊन विचारा. काही वृत्तपत्रांत बाहेरचा पुरस्कार स्वीकारण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. काही जण तत्त्व म्हणून घेत नाहीत. त्यांचा नकार बाहेर फोडायचा नाही. होकार मिळाला की नावाचे नेमके लेखन त्यांच्याकडूनच लिहून घ्या: कुलकर्णी की कुळकर्णी, मधले नाव पूर्ण की आद्याक्षर. सपत्नीक सत्काराची प्रथा असेल तर ते चालेल का हेही विचारा. जोडीदार हयात नसेल, विजेती एकटी राहणारी स्त्री असेल, आणि सूत्रसंचालक माइकवरून 'आता सौभाग्यवतींची ओटी' म्हणाला, तर त्या एका वाक्याने सगळा कार्यक्रम मातीत जातो.

घोषणेला १६ नोव्हेंबर, राष्ट्रीय पत्रकार दिन, हा चांगला मुहूर्त. प्रसिद्धिपत्रक दीडशे शब्दांचे करा. स्पर्धक दैनिके विजेत्याच्या वृत्तपत्राचे नाव गाळून 'एका दैनिकाचे प्रतिनिधी' असे छापतील. त्यावर रागावू नका, तो या धंद्याचा जुना रिवाज आहे. विजेत्याचे काम पहिल्याच परिच्छेदात आणा, म्हणजे कापले तरी ते उरते.

मानपत्र

दोनशे शब्द. सावकाश वाचायला दोन मिनिटे लागतात, त्याहून जास्त कोणी ऐकत नाही. पहिल्या वाक्यात कधीपासून आणि कुठे. मग दोन कामे, फक्त दोन, पण तपशिलासह. मग त्यांनी घडवलेल्या माणसांबद्दल एक वाक्य. शेवटी संस्थेचे नाव, तारीख, सह्या. आपण-आपला असे थेट संबोधन ठेवा.

आपल्याकडची मानपत्रे साधारण अशी असतात: 'आपल्या धारदार व निर्भीड लेखणीने आपण समाजातील उपेक्षितांना न्याय मिळवून दिला आणि पत्रकारितेच्या क्षेत्रात आपल्या कार्याचा अमीट ठसा उमटवला.' हे वाक्य कोणालाही लावता येते, म्हणून ते कोणाचेच नाही. त्याच जागी नमुन्यादाखल असे पाहा: '२०१३ च्या उन्हाळ्यात टँकरच्या नोंदवहीतल्या खेपा आणि गावात प्रत्यक्ष आलेल्या खेपा यांचा ताळा आपण मोटारसायकलवर अकरा गावे फिरून लावलात. तीन आठवड्यांत पाच बातम्या दिल्यात. पाचव्या बातमीनंतर टँकरची वेळ गावच्या फळ्यावर लिहिली जाऊ लागली.' यात एकही विशेषण नाही, आणि ऐकणारा मान वर करतो. 'लेखणीचे बादशहा', 'पत्रमहर्षी', 'झुंजार', 'चौथा स्तंभ' हे शब्द मसुद्यात दिसले की खोडा. मसुदा विजेत्याच्या जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. विजेत्याला दाखवू नका.

छपाईत घोळ होतो तो फॉन्टचा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो, छापखान्यात जुने सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. रूपांतर करताना पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार एक घर सरकतो, 'ऱ्या' फुटतो, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द तपासा, तो धड आला तर बाकीचे बहुतेक धड आलेले असतात. पडद्यावर न पाहता कागदावर प्रूफ काढा आणि दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने. कागद २५० ते ३०० जीएसएमचा, ए-३ आकाराचा. लॅमिनेशन नको, त्यात कोंडलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. चौकट करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते.

ॲक्रिलिकच्या ट्रॉफीऐवजी कात्रणांचे पुस्तक

शाल-श्रीफळ द्या, कोणाची हरकत नाही. ट्रॉफीचे पैसे मात्र वाचवा आणि विजेत्याच्या निवडक चाळीस बातम्यांचे बांधणी केलेले पुस्तक करा. फाइल तयार आहेच.

कात्रणे ३०० ते ४०० डीपीआयवर, रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. कृष्णधवल मोडमध्ये पिवळा कागद काळपट होतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, स्कॅनरचे पांढरे झाकण लावले की मागच्या पानाची अक्षरे पुढे उमटतात. कात्रणामागे काळा कार्डशीट ठेवा, मागची अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. घड्या पडलेले कात्रण इस्त्रीने सरळ करू नका. दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी तर अजिबात नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. मूळ कात्रणे परत करताना प्लास्टिकच्या पिशवीत न देता कागदी पाकिटात द्या. प्रत्येक पानाखाली वृत्तपत्र, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक. मजकूर फिकट असेल तर शेजारी तो पुन्हा टाइप करून छापा.

तीन प्रती काढा: एक विजेत्याला, एक संस्थेला, एक नगर वाचनालयाला.

कार्यक्रम दीड तासाचा

जिल्हा पानांचा मजकूर दुपारपासून जायला लागतो, संध्याकाळी वार्ताहर मोबाइलवर बातमी टाइप करत बसलेला असतो. म्हणून कार्यक्रम सकाळी ११ ला ठेवा. शक्य असेल तर ६ जानेवारीच्या आधीच्या किंवा नंतरच्या रविवारी, कारण ६ तारखेला सगळ्यांनाच चार ठिकाणी जायचे असते. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर शासकीय सभागृह आणि लोकप्रतिनिधींची उपस्थिती याबद्दल आधी तहसील कार्यालयात विचारा.

क्रम उलटा करा. नेहमीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचे स्वागत, स्वागताला प्रत्युत्तर, बारा जणांचे सत्कार आणि तीन मनोगते झाल्यावर विजेत्याच्या हाती माइक येतो. तेव्हा समोर मंडपवाला आणि विजेत्याचे कुटुंब उरलेले असते. ११ ला बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार, पाच मिनिटे प्रास्ताविक, मग समितीतल्या एकाने सात मिनिटांत निवड कशी केली हे सांगायचे, मानपत्र, प्रदान, आणि साडेअकराच्या आत विजेता बोलायला उभा. त्याला वीस मिनिटे. तीन विजेते असतील तर प्रत्येकी दहा. पाहुणे त्यानंतर. आभार तीन मिनिटांत, नावांची यादी न वाचता.

पुरस्कार कोणाच्या 'हस्ते' द्यायचा? ज्याच्यावर विजेत्याला उद्या बातमी करायची आहे त्याच्या हस्ते नको. दुसऱ्या जिल्ह्यातला जुना संपादक, ग्रंथपाल, किंवा ज्या बातमीने ज्या गावाचे काम झाले त्या गावची शिक्षिका. तरीही मंत्री येणारच असतील तर पत्रिकेतच छापा की कार्यक्रम वेळेवर सुरू होईल, आणि वीस मिनिटांहून जास्त कोणासाठी थांबू नका. पहिली रांग विजेत्याच्या घरच्यांसाठी. साप्ताहिकाच्या अंकाच्या घड्या घालणारे, पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणारे, तिकिटे लावणारे हात तेच असतात.

विजेता अंथरुणावर असेल तर सभागृहाचा हट्ट नको. मानपत्र घेऊन पाच जण घरी जा, तिथेच वाचा. पुरस्काराची रक्कम कोणत्याही परिस्थितीत बँकेतून खात्यावर द्या आणि तीही कार्यक्रमाच्या आधी. प्रतीकात्मक मोठा धनादेश हातात आणि खरा तीन महिन्यांनी, हा प्रकार पत्रकारांनी पुष्कळ पाहिला आहे.

नंतरची कामे

तयार झालेली फाइल कपाटात टाकू नका. राज्य शासनाचे उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार असतात, विभागवार नावांचे: कोल्हापूरसाठी ग. गो. जाधव, नाशिकसाठी दादासाहेब पोतनीस, छत्रपती संभाजीनगरसाठी अनंतराव भालेराव. त्यांसाठी त्या त्या कॅलेंडर वर्षात छापून आलेले लेखन पाठवायचे असते, म्हणून वार्ताहराला जानेवारीतच आठवण करा; जाहिरात जिल्हा माहिती कार्यालयाकडून कळते. निवृत्त पत्रकारांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची सन्मान योजना आहे. तिथे बहुतेकांचे घोडे अडते ते अनुभवाच्या पुराव्यांवर. कात्रणे, नेमणूकपत्रे आणि मानधनाच्या पावत्यांची तुम्ही जुळवलेली तारीखवार यादी अर्जाला जोडता येईल अशा रीतीने टाइप करून विजेत्याला द्या.

आणि वाचनालयाला दिलेली तिसरी प्रत टेबलावर ठेवून परत येऊ नका. ती दाखल नोंदवहीत चढते तोवर थांबा, दाखल क्रमांक विचारून घ्या आणि संस्थेच्या इतिवृत्तात लिहा. क्रमांक नसलेले पुस्तक पुढच्या साफसफाईत सहज निघून जाते.